बोर्ड ऐकत नाही

वामनरावांनी सगळी नोकरी वीज बोर्डात काढली. निवृत्तीनंतर ते कॅरम बोर्डावर बसले, आणि या हिवाळ्यात कॉलनीच्या स्पर्धेसाठी त्यांनी दिव्यांचा स्कोअर बोर्ड बनवायला घेतला. माणसाने एका क्षेत्रात टिकावे ते असे.

आजवर गुण गोपाळराव लिहीत, फळ्यावर खडूने. त्यांच्या एकात आणि नवात इतका घरोबा होता की दरवर्षी फायनलनंतर आणखी एक फायनल होई, ती तोंडी. म्हणून वामनरावांनी कमिटीपुढे सांगून टाकले, "फायनलले माहा बोर्ड नाही चालला, तर खडू जन्मभर गोपाळरावचा."

गोपाळराव म्हणाले, "मी खडू भिजू देत नाही गा."

मुलगी मोनाली मिहानमधल्या एका कंपनीत नोकरीला. तिने दिव्यांची पट्टी आणि तिला हुकूम देणारे एक छोटे कार्ड आणून दिले. जुन्या मोबाईल चार्जरवर आकडे झकास उमटले. मग फायनलच्या आदल्या दिवशी वामनरावांनी कार्याला शोभेलसा नवा, दणकट अडॅप्टर लावला, आणि बोर्डावर हिरवा-गुलाबी गोंधळ सुरू झाला. आयुष्यभर लोकांनी त्यांच्याकडे कमी व्होल्टेजची तक्रार केली होती. चांगल्या व्होल्टेजने दगा दिल्याचा अर्ज पहिल्यांदाच आला.

"काहून असं करून राहिला हा?"

मोनाली म्हणाली, "बाबा, कार्ड तीन पॉइंट तीन व्होल्टमध्ये बोलते. पट्टीले पाच भेटले की साडेतीनच्या खालचं तिले नीट ऐकू येत नाही. जुन्या चार्जरवर ती अर्धपोटी होती, म्हणून ऐकत होती."

"मंग कार्डातूनच पाचचं बोलवू."

"कार्ड जळंल. मधात लेव्हल शिफ्टर पाहिजे. तीनचं ऐकून पाचमध्ये सांगणारा."

वामनराव सीताबर्डीच्या बाजारात गेले. दुकानदाराने दोन प्रकार पुढे ठेवले, एकाच दिशेने सांगणारा आणि दोन्हीकडून बोलणारा. एका तिकिटात येणे-जाणे मिळत असताना नुसते जाणे कोण घेतो? वामनरावांनी दोन्हीकडचा घेतला. गोंधळ तसाच राहिला, फक्त गुलाबीचा जांभळा झाला.

मोनालीने कपाळाला हात लावला. "हा दोघायचं सांभाळते, म्हणून सावकाश चालते. इथं निरोप लय वेगानं जातात, बाबा. आन् पट्टीले उलट उत्तर द्यायचंच नाही. एकाच दिशेचा आणा, पण पाचवर चालणारा आन् तीनचं समजणारा."

संत्री सोलता सोलता मोनालीची आई रुख्मिणीबाई म्हणाल्या, "म्हणजे एकानं बोलायचं, दुसऱ्यानं मुकाट ऐकायचं. असा एक आपल्या घरी आहे नं वं."

"कोणता?" असे वामनरावांनी विचारले. मग उत्तराची वाट न बघता चपला घातल्या.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी गोपाळराव खिशात खडू घालूनच आले. फायनल होती वरच्या मजल्यावरच्या कांताबाई विरुद्ध खुद्द वामनराव. एकाच दिशेचा शिफ्टर मध्ये बसवला होता; दणकट अडॅप्टर लावला, बटण दाबले. दोन शून्ये उगवली, लालबुंद आणि स्थिर. वामनरावांचे लक्ष मग स्ट्रायकरवर कमी आणि शून्यांवर जास्त राहिले. कांताबाईंचे फक्त स्ट्रायकरवर होते.

शेवटी बोर्डावर पंचवीस विरुद्ध एक लखलखत होते.

गोपाळराव हळूच जवळ आले. "वामनराव, फळ्यावर तुमाले नऊ देले असते मी."

वामनराव मागे मागे सरकत फाटकाबाहेर गेले, रस्ता ओलांडून पानठेल्यापाशी उभे राहिले आणि डोळे बारीक करून पाहू लागले.

"गोपाळराव," त्यांनी तिथून समाधानाने हाक दिली, "इथूनबी एकच दिसून राहिला गा."

गोपाळरावांनी खडू काढला आणि कॅरमवरची पावडर संपली होती, म्हणून तो बारीक कुटायला घेतला.