भिंतीवरचं शटल

दिशाचं लग्न झालं ते दोन हजार तेवीस साल. नातीच्या पत्रिकेवर छापलेलं आपलं नाव चांगदेवाला वाचता आलं नाही, त्याच्या बायकोला, कमळालाही नाही. म्हणून म्हातारा-म्हातारी नारपोलीच्या प्रौढ वर्गात जाऊ लागली.

वर्गाची एक रीत होती. दर शनिवारी एकानं रोजच्या बोलण्यातला इंग्रजी शब्द आणायचा. शिकवणाऱ्या विनिताबाई जाड कोशातून त्याचं मूळ काढून द्यायच्या, आणि ज्याचा शब्द त्यानं ते सगळ्यांना सांगायचं. मग तो शब्द पुठ्ठ्यावर लिहून भिंतीवर लागायचा, खाली आणणाऱ्याचं नाव.

त्या शनिवारी लडकू उभा राहिला. कमळाच्या माहेरचा, अकलोलीचा. जन्मभर टेम्पो चालवलेला. त्यानं शब्द आणला शटल.

चांगदेवाला वाटलं, हा शब्द तर आपला. एकतीस वर्षं तो कापड विणायच्या लूमवर उभा राहिला होता. उडालेल्या शटलनंच त्याची डावी भुवई फोडली होती.

"जुन्या इंग्रजीत शटल म्हंजे फेकायचा बाण," लडकू सांगत होता. "मागावरचा धोटाबी सूत घेऊन इकडून तिकडं फेकतात, म्हणून त्याला तेच नाव दिलं. मंग तो जातो-येतो, म्हणून जा-ये करणाऱ्या गाडीलाबी शटल म्हणाया लागले."

"बाण गेला का माघारी येतो काय?" चांगदेव बसल्या जागेवरून म्हणाला. "टेम्पोवाल्याला काय ठावं धोटा?"

"ठावं न्हाय म्हणून तर कोशात बघितलं. तुला काय, भुवईवरच लिहून दिलंय."

वर्ग हसला. कमळाही हसली, तोंडाला पदर लावून. "लडकूदादा पोरपणापासून असाच हाय," ती शेजारणीला म्हणाली.

घरी येताना चांगदेव तिच्या दहा पावलं पुढं चालला.

पुढच्या शनिवारी तो सगळ्यांच्या आधी गेला. लडकूच्या नावावर कागदाची पट्टी चिकटवली आणि पट्टीवर स्वतःचं नाव लिहिलं. लडकू आला, भिंतीपाशी थांबला, अक्षर अक्षर लावत वाचलं, "चांगदेव."

"हे कोणी केलं?" विनिताबाईंनी विचारलं.

"असू द्या बाई," लडकू म्हणाला. चांगदेवानं भांडणाची तयारी ठेवली होती, ती तशीच राहिली.

त्यानंतर लडकू वर्गाला आला नाही. कमळा लांबच्या चटईवर बसू लागली. चांगदेवानं लूमवरचेच शब्द आणले, एकदा बॉबिन, एकदा बीम. तिनं पाटीवरून मान वर केली नाही.

"दादाला बोलवा," एकदा ती वाटेत म्हणाली.

"त्याचे पाय मोडलेत काय?"

"तुम्ही बोलवा."

तो गेला नाही. पट्टी काढायला हात दोनदा उचलला, दोन्ही वेळा खाली घेतला.

लडकू दोन हजार चोवीस साली, संक्रांतीच्या तीन दिवस आधी, अकलोलीला वारला. भिंतीवरची पट्टी तेव्हाही तशीच होती.