शेंदूर फासलेला ब्रेक

मंगळवारी कोळशाने भरलेली वॅगन आमच्या कारखान्याच्या गोदामाची भिंत फोडून आत गेली. कागदोपत्री तसं काही झालेलं नाही. तिथं दार हवंच होतं, असं मॅनेजरसाहेब म्हणतात.

न झालेल्या या घटनेआधी आमच्या सायडिंगवर, म्हणजे कारखान्यात येणाऱ्या रुळांच्या फाट्यावर, जत्रा भरली होती. कराडपासून माणसं आलेली. रिकामी वॅगन उतारावरून गडगडत यायची, रुळांमध्ये उभे असलेले रुळेश्वर महाराज हात वर करायचे, “थांब गं माये!” आणि वॅगन त्यांच्या पोटापाशी येऊन थांबायची.

खंडेनवमीला कारखान्यात यंत्रांची पूजा होते. यंदा महाराजांनी वॅगनच्या हँडब्रेकच्या चाकालाच शेंदूर फासला. तेव्हापासून त्याला कुणी हात लावेना. देवाचे कान पिळायचे कुणी? डब्याच्या चाकाखाली लाकडाचा ठोकळा सारून काम चाललं होतं.

मंगळवारी महाराज आपली शक्ती शिष्याला देणार होते. शिष्य म्हणजे शंटिंगवरचे, डबे हलवायच्या कामावरचे नानासो. त्यांनी भरलेल्या वॅगनपुढं उभं राहायचं होतं. हे कळताच त्यांची बायको स्वप्नाली, हायस्कुलात विज्ञान शिकवते ती, खडू लागलेल्या हातांनीच आली.

“आवं, व्हा बाजूला!”

“लोकांत नको गं. महाराजांनी दोरा बांधलाय.”

“तुटलेला पाय दोऱ्यानं चिकटतोय व्हय?” ती महाराजांकडं वळली. “महाराज, जरा वरच्या अंगाला थांबवा की वॅगन.”

“तिथं आमचं अधिष्ठान नाही.”

“बरं. मग रिकामी सोडा, आणि पुढं कुणी नको.”

सोडली. पण तेवढ्यात महाराजांच्या जागी एक शेळी येऊन उभी राहिली. वॅगन आली, मंदावली, शेळीपुढं थांबली, थोडी मागं सरकली. शेळी चघळतच होती. एकानं तिला हात जोडले.

“लय शक्ती हाय गड्या! कुणाची रं ही?”

“शक्ती जमिनीची हाय,” स्वप्नाली म्हणाली. “रूळ हितं खचलाय. पुढं चढ हाय. रिकाम्या डब्याचा जोर त्या चढावर संपतोय. महाराज नेमकी जागा बघून उभं राहत्यात. भरलेल्या वॅगनचा जोर हितंच संपंल कशावरनं? खात्री असंल तर महाराज, तुमीच राहा उभं.”

“आज आमचं मौन आहे,” महाराज मोठ्यांदा म्हणाले आणि जीपकडे निघाले.

एव्हाना रिकामी वॅगन बाजूच्या रुळावर ढकलली होती आणि दोऱ्याच्या भरवशावर नानासो पुन्हा रुळांत उभे होते. त्यांनी महाराजांच्या पाठीकडं बघितलं. मग एक पाय रुळाबाहेर काढला. गर्दीला काय कळलं कुणास ठाऊक, तिनं जयजयकार केला. वर भरलेल्या वॅगनच्या ठोकळ्यापाशी बसवलेल्या बाळासोंना तोच वॅगन सोडायचा इशारा वाटला. त्यांनी ठोकळा ओढला. कोळशाची वॅगन सुटली.

स्वप्नालीनं नानासोंची कॉलर धरून ओढली. दोघं खडीत पडले. वॅगन खोलगट जागा ओलांडून, चढ चढून, सरळ भिंतीत.

“दोन्ही पाय हायत का बघा,” ती म्हणाली.

नानासोंनी बघितले. होते.

शेंदूर पुसा आणि ब्रेक फिरवा, एवढंच सांगणं आहे. उताराला भक्ती कळत नाही, वजन कळतं. चालत्या डब्यापुढं माणूस उभा करणारा देवमाणूस नव्हे, आणि तो उभा असताना टाळ्या वाजवणारे आपणही फार शहाणे नव्हे.

सबब विनंती की, रूळ दुरुस्त होईपर्यंत मा. मॅनेजरसाहेबांनी आपली खुर्ची सदर खोलगट जागी हलवावी, व दैनंदिन कामकाज तेथूनच, उताराकडे पाठ करून, पाहावे. कळावे.