पट्ट्यावरचा हात

मोर्चे आवरणाऱ्या त्या खास तुकडीत शिपाई जोडीजोडीनं उभे राहत. पुढचा ढाल धरायचा. मागचा त्याच्या कमरेचा पट्टा मुठीत घ्यायचा आणि गर्दीनं ओढलं की त्याला मागं खेचायचा. पुढच्याला पाठीमागचं काहीच दिसत नसे.

पुढच्या रांगेत एक थोराड गडी होता. त्याला सगळे भिंत म्हणत, आणि त्याचा पट्टा धरणाऱ्याला शेपूट. शेपटाची बायको चिडायची, "लोक शेपूट म्हणतात आणि तुम्ही हसता?"

"कुणाचं शेपूट, तेही बघ की!" तो म्हणायचा.

मग साहेबांनी जोड्या बदलल्या. भिंतीच्या मागं एक नवा शिपाई आला. गुळगुळीत दाढी, आरशासारखे बूट, म्हणून त्याला नवरदेव हे नाव पडलं. शेपटाच्या वाट्याला आले निवृत्तीला टेकलेले काका.

भिंतीची बायको नेहमी दोघांपुरता डबा द्यायची. त्या दिवशी कँटीनमध्ये तो डबा नवरदेवासमोर उघडलेला होता.

"ये रे, बस," शेपटाला बघून भिंत सरकला.

"पोट भरलंय माझं."

"घ्या हो," नवरदेव म्हणाला, "वहिनींनी भरपूर दिलंय."

"वहिनी? तुझी कधीपासून?"

काका हसले. "जळतोस कशाला, बाबा? मी काय दिसायला इतका वाईट आहे?"

सगळे खो खो हसले. शेपटाला घास न खाताच ठसका लागला.

पुढच्या आठवड्यात कारखान्याच्या फाटकासमोर कामगारांचा मोर्चा आला. तुकडी रांगेनं उभी राहिली. शेपटाच्या मुठीत काकांचा पट्टा होता, पण डोळे शेजारी होते. नवरदेवानं भिंतीचा पट्टा दोन बोटांत धरला होता, बाजाराची पिशवी धरावी तसा.

"नीट धर!"

"धरलाय हो!"

"याला धरणं म्हणतात?"

"तू आपलं बघ की रे," काका ढालीआडून म्हणाले.

तेवढ्यात लोटालोटी सुरू झाली. भिंत पुढं झुकला. शेपटाचा हात काकांच्या पट्ट्यावरून सुटला आणि थेट भिंतीच्या पट्ट्यावर गेला. त्यानं जीव खाऊन हिसडा दिला. भिंत ढालीसकट बदकन खाली बसला. आणि काका जिथं होते, तिथं रांगेत भगदाड होतं.

"थांबा, थांबा! म्हातारा पडलाय!" गर्दीतूनच कुणीतरी ओरडलं. रेटा थांबला. दोघा कामगारांनी काकांना बखोटीला धरून आणलं. त्यांचा हात मनगटातून लोंबत होता.

"घ्या तुमचा माणूस," एक कामगार शेपटाला म्हणाला. "सांभाळत जा की जरा."

मोर्चा पांगल्यावर साहेबांनी गाडीपाशी विचारलं, "काकांच्या मागं कोण होतं?"

"मी, साहेब. पण भिंत पडत होता, म्हणून—"

"कोण पडत होतं?" भिंत कपडे झटकत म्हणाला. "मी पाऊल पुढं टाकत होतो. सैल सोड म्हणून मीच सांगितलं होतं त्याला. तू नुसता आवळून धरतोस रे. पाय उचलायची सोय नाही. म्हणून तर मी जोडी बदलून मागितली."

"तू मागितलीस?"

भिंत ढाल उचलून गाडीत ठेवू लागला. साहेबांनी शेपटाची ड्यूटी उद्यापासून गाड्या राखायला लावली. ते त्याला नीट ऐकूही आलं नाही.

रुग्णवाहिकेतून काकांची हाक आली, "अरे, कुणीतरी घरी कळवा. ती घाबरेल, जरा सांभाळून सांगा."

काका आपल्या जोडीचे. हे काम आपलं, हे शेपटाला कळत होतं. त्यानं खिशातून फोन काढलाही. पण तोवर नवरदेव धावत गेला, काकांजवळ वाकला आणि नंबर विचारू लागला. त्याच्यामागून भिंतही गेला.

शेपूट फोन हातात धरून जागच्या जागी उभा राहिला. काकांचा चेहरा त्याला तिथून दिसत होता, पण तो तिकडे बघत नव्हता. भिंत नवरदेवाच्या खांद्यावर हात ठेवतो का, एवढंच तो बघत होता.

भिंतीनं ठेवला.