दुसरी प्रत

“तुझं होईपर्यंत चहा टाकू?” ताईने त्याच्या कानाशी वाकून विचारलं. घशाच्या ऑपरेशननंतर तिचा आवाज श्वासाएवढाच उरला होता.

“टाक. हे काय, हातासरशी होईल,” तो म्हणाला आणि लॅपटॉपकडे वळला.

लॅपटॉपला दोन एसएसडी जोडलेल्या होत्या, म्हणजे आत काहीही न फिरणाऱ्या चिपवाल्या डिस्क. एकीत ताईची सगळी गाणी होती, क्लासमधली, कार्यक्रमांतली, एकटीने केलेल्या सकाळच्या रियाजाची. दुसरी त्याने दुसरी प्रत काढायला आणली होती. जुनी चांगली टिकली म्हणून मुद्दाम त्याच कंपनीची, तेवढ्याच आकाराची. “असा जिन्नस एकाच ठिकाणी ठेवायचा नसतो,” असं ताईला बजावणारा तोच.

तो कॉलेजच्या कॉम्प्युटर लॅबमध्ये मदतनीस होता. प्राध्यापकांपासून शिपायापर्यंत सगळे त्याला डॉक्टर म्हणत, कारण कुणी काही पुसून बसलं की हा ते परत आणून देई. “पुसलेलं जात नसतं हो, फक्त त्याचा पत्ता हरवतो,” हे त्याचं ठरलेलं वाक्य. जुन्या, फिरत्या डिस्कच्या काळात ते खरंही होतं.

नव्या डिस्कवर आधी फाइल सिस्टिम घालावी लागते, म्हणजे कुठे काय ठेवायचं याची घडी बसवावी लागते. त्याने डिस्कचं नाव टाकून तशी आज्ञा दिली. लॅपटॉप चालवणाऱ्या लिनक्सने विचारलं, इथे आधीच फाइल सिस्टिम आहे, तरी पुढे जायचं का? नवी डिस्क त्याने सकाळी लॅबमध्ये तपासली होती, तेव्हा चाचणीपुरती एकदा घडी घातलेलीच होती. त्याने सवयीने हो म्हटलं.

मघाशी एक तार सैल वाटली म्हणून त्याने दोन्ही डिस्क काढून परत लावल्या होत्या. लिनक्स नावं देतो ती जोडलेल्या क्रमाने. नावांची अदलाबदल झाली होती. आज्ञा देण्याआधी डिस्कची यादी बघा म्हणून पोरांच्या कानीकपाळी ओरडणाऱ्या या गृहस्थाने आज यादी बघितली नाही. अति शहाणा त्याचा बैल रिकामा, दुसरं काय.

प्रत काढायला म्हणून त्याने जुनी समजून दुसरी डिस्क उघडली. आत काहीच नव्हतं. ती नवी होती; घडी बसली होती ती ताईच्या गाण्यांच्या डिस्कवर. मग त्याला वाटलं, आपण डॉक्टर आहोत, आणू परत. त्याने ताईच्या डिस्कवर शोधायचा प्रोग्रॅम लावला. पण एसएसडीची गोष्ट निराळी. फाइल सिस्टिम घालतानाच लिनक्स तिला सांगून टाकतो की सगळ्या खोल्या रिकाम्या समज, आणि ती मुकाट्याने साफ करते. हे त्याला चांगलं ठाऊक होतं, पोरांना त्यानेच शिकवलं होतं. तरी प्रोग्रॅम शेवटापर्यंत चालू दिला. सगळीकडे नुसती शून्यं आली.

चहाचा कप पुढ्यात गार झाला होता. ताई समोर बसून त्याचा चेहरा बघत होती.

“ताई, गेलं सगळं. चुकीच्या डिस्कवर हात पडला माझा.”

“सगळं?”

“सगळं. परत येणार नाही.”

ताई पदराच्या टोकाशी चाळा करत राहिली. तिने आदळआपट केली असती तर त्याला बरं वाटलं असतं.

“तूच जपलंस ना ते इतकी वर्षं,” ती कुजबुजली. “या मशीनमधून त्या मशीनमध्ये नेत. तुला त्यातलं कुठलं आवडायचं?”

तो बोलायला गेला आणि त्याला एकही गाणं आठवेना. फाइली किती मोठ्या, कुठल्या फोल्डरमध्ये, हे सगळं तो झोपेतही सांगू शकला असता. त्याने एकही कधी उघडून ऐकली नव्हती. ऐकू कधीतरी, ताई काय, घरातलीच आहे, असं म्हणता म्हणता राहून गेलं होतं. लाज वाटून त्याने मान खाली घातली.

“मी ऐकलंच नाही गं ताई.”

ती काहीतरी म्हणाली. नुसते ओठ हललेले दिसले. त्याने उठून पंखा बंद केला, खुर्ची तिच्याजवळ ओढली आणि कान तिच्या तोंडाशी नेला.

“परत सांग,” तो म्हणाला.