आधी लिहा, मग दात

शर्टाचं बटण तुटलेलं निघालं, एवढंच निमित्त झालं. "सुई आणते," म्हणून ती वळली, तेवढ्यात नवऱ्याची मूठ तिच्या ओठांवर बसली. वरचा समोरचा दात मुळासकट उखडून चहाच्या ट्रेमध्ये पडला.

सासूबाईंनी आधी खिडकी लावून घेतली. मग दात उचलून भांड्यांच्या घासणीने खसाखसा घासला, कागदी रुमालात गुंडाळला आणि सुनेच्या तोंडात कापूस कोंबत म्हणाल्या, "बाथरूममध्ये पाय घसरला म्हणायचं."

"डॉक्टरांकडे..."

"अशा तोंडाने? घराची अब्रू चव्हाट्यावर मांडायचीय?"

ती हॉटेलच्या स्वागतकक्षात काम करायची. घरात तिचा पगार सगळ्यांना चालायचा, शब्द मात्र कुणालाच चालत नसे.

दुसऱ्या दिवशी मायलेकांच्या पहाऱ्यात तिला दातांच्या दवाखान्यात नेलं. पुडी उघडताच डॉक्टरबाई चिडल्या. "मुळाला हात न लावता, दुधात ठेवून कालच लगेच आणला असता तर हाच दात परत बसवून बघता आला असता. आता मूळ वाळलंय. याची आशा सोडा."

"मग दुसरा बसवा," नवरा म्हणाला. "सोमवारी हिला कामावर जायचंय."

डॉक्टरबाईंनी सांगितलं: काढता-घालता येणारा दात लवकर होईल, शेजारचे दात कोरून बारीक करून त्यांच्या आधाराने ब्रिज बसवता येईल, नाहीतर जखम भरल्यावर हाडात स्क्रू बसवून इम्प्लांट, त्याला महिने लागतील. मायलेक आपसात बोलू लागले, जणू घरातला फुटका नळ बदलायचा होता. तिला कुणी विचारलंच नाही.

"कशाने पडला?" डॉक्टरबाईंनी तिच्याकडे बघत विचारलं.

"बाथरूममध्ये घसरली," सासूबाई म्हणाल्या.

तिला शेजारीण आठवली, तीही घसरली होती. मोठी जाऊबाई तर दोनदा. बायकाच तेवढ्या घसरायच्या. पुरुष त्याच ओल्या फरशीवरून जन्मभर ताठ चालत आले होते.

"यांनी मारलं," ती म्हणाली. दाताच्या फटीतून शब्दांबरोबर वारा निसटला, पण शब्द स्पष्ट होते.

नवरा ताडकन उठला. "घरी चल, मग दाखवतो!"

डॉक्टरबाईंनी खोलीचं दार सताड उघडलं. बाहेर बाकावर माणसं बसली होती. नवऱ्याचा आवाज लगेच लोण्यासारखा झाला. "अगं, आधी दात तर बसवून घे. बाकीचं घरी बोलू."

"नाही. डॉक्टर, आधी जखम तपासून लिहून द्या. मग दात. हा बसला की यांच्या लेखी काही झालंच नाही."

"नवऱ्याला पोलिसात देणार?" सासूबाई किंचाळल्या. "कोणत्या तोंडाने जगशील?"

"ह्याच."

डॉक्टरबाईंनी दाखला लिहिला. तो घेऊन ती तोंडावर हात न धरता बाहेर आली. बाकावरच्या माणसांनी सगळं ऐकलं होतं, तरी माना मोबाइलमध्ये खुपसल्या होत्या. एका गृहस्थांनी उगाच काहीतरी बोलायचं म्हणून विचारलं, "पडलात का हो?"

ती थांबली. एकेकाच्या चेहऱ्याकडे बघत म्हणाली, "नाही. नवऱ्याने दात पाडलाय. पोलीस चौकीवर निघालेय. कुणी येतंय सोबत?"