पोलादापर्यंत

छिंगदाओच्या किनाऱ्यावर, भरतीच्या पाण्यात पोलादी पट्ट्या टांगून कुठला लेप किती टिकतो ते बघायचं, हे लुआन मिस्त्रींचं तीस वर्षांचं काम. हा त्यांचा शेवटचा आठवडा होता. संशोधक वेनजिंगच्या नॅनो कणांच्या लेपाला तीन वर्षांत डागही लागला नव्हता. अळवाच्या पानावरून जावं तसं पाणी ओघळून जाई. सोमवारी तिची सही झाली की तिच्या गावच्या धक्क्यावरच्या लोखंडी पुलाला हाच लेप बसणार होता. मग दहा वर्षं खरवडणं नको, रंगवणं नको. त्याच पुलावरून तिचे वडील रोज होडीवर जात.

मिस्त्रींनी फडक्यातून एक पट्टी काढली. वेनजिंगच्याच लेपाची होती. पाणी अजून ओघळत होतं.

पट्टी टांगण्याआधी लेपावर पात्याने फुली कापायची, थेट पोलादापर्यंत, अशी तिथली रीत. ओरखडा न पडलेला लेप जगात कुणाच्या नशिबी असतो? मिस्त्रींनी फुलीत सुरी घातली. लेप पापुद्र्यासारखा सुटला. खाली दोन बोटं रुंद गंज होता.

"ही फुली माझी नाही," वेनजिंग म्हणाली.

"माझी आहे. तुझ्या फुल्या वरवरच्या. पोलादाला पोचल्याच नाहीत."

"तेव्हाच बोलायचं ना, काका."

"बोललो की. तू म्हणालीस, पाणी टेकतच नाही तर गंज काय आभाळातून पडणार? डॉक्टरबाईंपुढे मिस्त्रीचं कोण ऐकतं? म्हणून एक मीच खोल कापून कडेला टांगली."

तिला आठवलं. जिवापाड जपलेल्या लेपावर पातं टेकवताना हात आखडला होता. आता त्या मायेची तिला लाज वाटली.

"वरून काहीच कळलं नसतं," ती हळूच म्हणाली.

"माझा थोरला भाऊ ज्या पुलाबरोबर कोसळून गेला, त्याचा रंगही ताजाच होता," मिस्त्री म्हणाले आणि सुरी पुसत बसले.

तिने वडिलांना फोन लावला. "बाबा, यंदाही पूल खरवडा आणि जुनाच रंग द्या."

"अगं, मी गावभर सांगून बसलोय. लेकीचा लेप येणार म्हणून."

"मग आता सांगा, लेकीची चूक झाली."

फोन ठेवून वेनजिंगने नवी पट्टी पुढ्यात ओढली आणि पोलाद करकरेपर्यंत पातं दाबलं.