उजव्या पायाचा अंगठा

आईचा हात मरियामातेच्या उजव्या पायावर फिरत होता आणि काही केल्या थांबत नव्हता. टाचेकडून पुढे, पुढून मागे, पुन्हा अंगठ्यावर. उशाखाली चष्मा चाचपावा तशी ती त्या पायावर काहीतरी शोधत होती.

“अगं आई, रंग ओला आहे! पाटी लावलीय ना तिथे!” पेंटर शिडीवरून ओरडला.

“पाटी दिसत असती तर उद्या डोळा कापून घ्यायला कशाला निघाले असते?” आई म्हणाली. मग तिचा आवाज एकदम उतरला. “ही ती नाहीये रे. हा पाय तिचा नाही.”

पेंटर ब्रश डब्यावर आडवा ठेवून खाली आला. सगळा गाव त्याला पेंटर म्हणायचा. रागावली किंवा कौतुक उतू चाललं की आईसुद्धा. दुकानांच्या पाट्या, शाळेच्या भिंतीवरचे नकाशे, दवाखान्याचे बाण, सगळं त्याच्याच हातचं. त्याचा रंग कच्चा राहिला असं कोणी म्हटलं, तर तो भांडायला उठायचा. लग्नं सोडली तर अकरा वर्षांत त्याने चर्चमध्ये पाऊल टाकलं नव्हतं. फादरांनी मूर्ती रंगवशील का विचारलं, तेव्हा तो हो म्हणाला ते केवळ आईसाठी.

आणि आईसाठीच त्याने तो अंगठा घडवला होता. येणाऱ्याजाणाऱ्यांनी हात लावून लावून मूर्तीच्या उजव्या पायाचा अंगठा पार सपाट करून टाकला होता. त्याने त्यात पुट्टीसारखी पांढरी लांबी भरली, खिळ्याच्या टोकाने नख कोरलं, पॉलिश पेपरने घासून गुळगुळीत केलं आणि वर रंगाचे तीन हात मारले. डोळ्याची पट्टी सुटली की आई बघेल आणि खूश होईल, असा त्याचा हिशेब होता.

“नखसुद्धा काढलंय बघ,” तो म्हणाला.

“तिथे खळगा होता. माझा अंगठा बरोब्बर बसायचा त्यात. अंगठा टेकला की मग मी बोलायला लागायचे.”

“आई, झीज होती ती. मी ती भरली.”

बोलता बोलताच त्याच्या लक्षात आलं की आपण काय करून बसलोय. दोन वर्षं आईला मूर्तीचा चेहरा दिसत नव्हता. तिला ओळखीचा होता तो एवढा खळगाच, आणि तोच त्याने स्वतःच्या हाताने बुजवला होता. त्याला स्वतःचा असा राग आला की तो ब्रश उचलून फेकावासा वाटला.

आई चाचपडत बाकावर जाऊन बसली.

“उद्याचं रद्द कर,” ती म्हणाली. “तिला विचारल्याशिवाय मी आत जायची नाही.”

हे तिसऱ्यांदा होत होतं. आधी दोनदा तारीख ठरली आणि दोन्ही वेळा आई घराच्या उंबरठ्यावरून मागे फिरली. अकरा वर्षांपूर्वी पेंटरचे वडील त्याच हॉस्पिटलात स्वतःच्या पायांनी चालत आत गेले होते, आणि आई बाहेरच्या बाकावर त्यांच्या चपला सांभाळत बसून राहिली होती. ते हृदयाचं होतं, हा साधा मोतीबिंदू आहे, हे तिला सगळ्यांनी सांगून झालं होतं. पण आता डॉक्टरीणबाईंनी स्पष्टच बजावलं होतं, आणखी लांबवलं तर डोळा हातचा जाईल.

पेंटर पिशवीपाशी गेला. त्याने पिशवीतून पॉलिश पेपर काढला आणि त्याची घडी घातली. तो खरखर आवाज आईने लगेच ओळखला.

“काय करतोयस?”

“खळगा परत करतो.”

“तो काय कागदाने पडला होता? माझ्या सासूबाईंचा अंगठा झिजलाय त्यात. तू कागद घासून सासूबाई आणणारेस?”

पेंटरला हसू फुटलं. आईही हसली. मग ती रुमालाचं टोक बोटाला गुंडाळू, सोडू लागली.

“तिला तरी काय ओळखीचं होतं?” ती म्हणाली.

“कोणाला?”

“हिला. घरात परका देवदूत येऊन उभा राहिलेला, आणि सांगतोय काय तर लग्नाआधीच तुला देवाचं मूल होणार. एकच विचारलं तिने, हे कसं होणार? उत्तर मिळालं, त्यातलं किती कळलं तिचं तिला ठाऊक. तरी म्हणाली, होऊ दे.” आईने रुमाल सोडला. “मी वर्षभर नुसतं विचारतेच आहे, हे कसं होणार, हे कसं होणार. पुढचं काही तोंडातून येतच नाहीये.”

पेंटरने पॉलिश पेपर परत पिशवीत टाकला.

“किती वाजता जायचंय?” आईने विचारलं.

“साडेआठला.”

“मग आवर, चल घरी. केस धुवायचेत. नंतर आठ दिवस डोक्यावरून पाणी घेता येणार नाही.”

दुसऱ्या दिवशी हॉस्पिटलात आई हिरवी टोपी घालून नर्सच्या दंडाला धरून ऑपरेशनच्या खोलीकडे निघाली. दाराशी थांबली, “होऊ दे” म्हणाली आणि आत गेली.

“तासाभराचं काम आहे,” नर्सने पेंटरला सांगितलं. “तुम्ही चहा घेऊन या.”

बाहेरचा बाक तोच होता. पेंटरला त्याच्यावर बसवेना. चर्च तिथून चार मिनिटांवर. रंग नीट वाळला की नाही तेवढं बघून येऊ, असं त्याने स्वतःला सांगितलं.

तो परतला तेव्हा नर्स दारातच उभी होती. “झालं हो छान! आई आत मला जपमाळ शिकवत होत्या.” पेंटर तिथेच पायरीवर बसला. नर्सला हात जोडून नुसता हसत राहिला.

पट्टी सुटली ती त्याच्या दुसऱ्या दिवशी. आईने आधी नर्सकडे पाहिलं. “इतकीशी पोर आहेस होय गं तू?” मग पेंटरकडे. “आणि तुझे केस कधी रे पिकले?”

घरी जायच्या आधी चर्चला जायचं, यावर ती अडूनच बसली. काळा चष्मा लावून ती मूर्तीसमोर उभी राहिली आणि पाटी मोठ्याने वाचू लागली. “रंग ओला आहे. हात लावू नये.” जरा थांबून म्हणाली, “‘नये’ तिरकं गेलंय, पेंटर.”

 आईला ते तिरकं अक्षर दिसावं म्हणून पेंटरने कोणाच्याही पाया पडायची तयारी ठेवली होती.

मग आई वाकली. नव्या अंगठ्यावरचा रंग मधोमध गेला होता आणि खालची पांढरी लांबी दिसत होती. बोटाने दाबून धरावं, घासत राहावं, तेवढाच डाग.

“हे कोणी केलं?”

पेंटरने अंगठ्याला रंग चिकटलेला उजवा हात खिशात घातला. “रंग कच्चा राहिला असेल,” तो म्हणाला.

आईने त्या खिशाकडे पाहिलं. मग चष्मा सावरून तिने आपला अंगठा त्या पांढऱ्या डागावर टेकला, आणि तिचे ओठ हलू लागले. बरंच काही सांगायचं साठलं होतं बहुतेक.

“यावर परत हात मारू नकोस,” उठता उठता ती म्हणाली. “आणि ती पाटी काढ आता.”

पाटी तारेने घट्ट बांधलेली होती. ती सोडवायला पेंटरला दोन्ही हात लागले.